सात नंबरची खाट

१

सकाळी साडेआठला मी इन्क्युबेटरचं दार उघडायचो. चौदा वर्षं त्यात खंड पडला नव्हता. नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. नाव मुकुंद, घर महाल भागात. वडील आणि आजोबा दोघेही कचेरीत कारकून. घरात पांढरा कोट घालणारा मी पहिलाच, त्यामुळे आईला मी डॉक्टरच वाटायचो.

काम साधं होतं. वॉर्डांतून जखमांमधल्या पुवाचे नमुने यायचे. चपट्या काचेच्या प्लेटमध्ये जेलीचा थर असायचा, त्यावर नमुना पसरायचा. वर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या सहा बारीक टिकल्या ठेवायच्या, पेनिसिलिनची एक, टेट्रासायक्लिनची एक, अशा. मग प्लेट उबेत ठेवायची. सकाळपर्यंत जेलीवर जंतूंची साय धरायची. जे औषध जंतूंना मारायचं त्याच्या टिकलीभोवती गोल मोकळी जागा राहायची, चंद्राला खळं पडतं तशी. ती पट्टीनं मोजायची आणि वॉर्डाला कळवायचं की या रोग्याला हे औषध द्या. ती मोकळी कडी बघून मला रोज बरं वाटायचं. वाटायचं, हा माणूस घरी जाणार.

१९७९च्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी अकरा नंबर वॉर्डातली प्लेट मी उजेडात धरली आणि पट्टी उचलायची राहूनच गेली. सहा टिकल्या होत्या. कडं एकही नव्हतं. हिरवट साय काठापासून काठापर्यंत पसरली होती. ती टिकल्यांवरही चढली होती.

पहिला संशय टिकल्यांचाच आला. उन्हाळ्यात वीज जायची, फ्रिज बंद पडायचा, औषध उतरलं असेल. मी नवी कुपी फोडली आणि तोच नमुना पुन्हा लावला. तुलनेसाठी शेजारी दुसऱ्या वॉर्डातला एक साधा नमुनाही लावला.

बुधवारी साध्या नमुन्याच्या प्लेटवर सुरेख कडी उमटली होती. अकरा नंबरच्या प्लेटवर काहीच नव्हतं. म्हणजे टिकल्यांत दोष नव्हता.

झाकण उचललं तर वास आला. पुवाच्या प्लेटला घाण वास येतो, त्याची मला सवय होती. हा वास गोड होता. झाडाखाली उन्हात पडलेल्या मोहाच्या फुलांसारखा.

२

कागदावर लिहिलं होतं: खाट चार, शालिकराम, भाजलेले पाय. मी तंत्रज्ञ, वॉर्डात जायचं मला कारण नव्हतं. तरी गेलो.

अकरा नंबर हा पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड. लांबट खोली, उंच छत, एका खिडकीत मोठा कूलर. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आणि आत त्या कूलरची एकसारखी घरघर. वॉर्ड इतका स्वच्छ होता की फरशीत खाटांचे पाय दिसायचे. ते सगळं यमुताईंचं श्रेय. पंचवीस वर्षांची नोकरी झालेल्या सिस्टर, एकट्या, करारी. भिंतीलगत तिवईवर एनॅमलचं घमेलं असायचं, त्यात जंतुनाशकाचं पिवळं पाणी. एका रोग्याची पट्टी झाली की त्या दोन्ही हात कोपरांपर्यंत त्यात बुडवायच्या आणि मगच पुढच्या खाटेकडे वळायच्या. नव्या नर्सना हे बघायला मुद्दाम पाठवत.

शालिकराम पस्तिशीचा असेल. जातीचा कोष्टी, घरचा माग बंद पडला म्हणून कोराडीच्या वीजकेंद्रात मजुरीला लागलेला. तिथं गरम राखेत त्याचा पाय घसरला होता. गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय पट्ट्यांत होते. त्याची बायको चंद्रकला उशाशी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत होती.

"साहेब, तुमीच काय ते तपासनीवाले?" तिनं विचारलं. "मंग एक सांगा. हा मोहाचा वास काहून येऊन राहिला? परवापासून येते. मी सिस्टरबाईले म्हटलं, तं त्या म्हणे, मले नाही येत."

मी म्हटलं, "औषधांचा असेल."

"औषधाचा असा वास नसते जी," ती म्हणाली.

शालिकराम छताकडे बघत होता. "माग गेला तवा म्हटलं, हातपाय तं हायेत," तो म्हणाला. "आता पाय बी जाते का जी?"

मी काहीतरी धीराचं बोललो. पट्टीवर, नडगीपाशी, एक डाग उमटला होता. हिरवा, अगदी कोवळ्या पानासारखा.

३

त्या जंतूला पुस्तकात लांबलचक नाव आहे. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं 'हिरवा' म्हणायचो. ओलाव्याला राहतो, अशक्त माणसाला धरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सहाच्या सहा औषधांना न जुमानणारा हिरवा मी कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी पाच नंबरचा नमुना आला. वसंत, इतवारीतला हातगाडीवाला, हर्नियाचं ऑपरेशन झालेला धडधाकट माणूस. प्लेटवर कडं नाही. सोमवारी सहा नंबर. कडं नाही. बुधवारी आठ.

मी रोज वॉर्डात जाऊ लागलो. तपासणीसाठी जातो असं सांगायचो, पण खरं म्हणजे मला तो वास कुठवर आलाय हे बघायचं होतं. स्वतःचीच लाज वाटायची. वास काही चालत येत नाही. तरी मी खाटेखाटेला थांबून, लोखंडी दांडी धरून, वाकून श्वास घ्यायचो. रोगी माझ्याकडे बघत राहायचे.

एका गुरुवारी तो वास नऊ नंबरपाशी आला. तिथं चंद्रभान नावाचा ट्रक ड्रायव्हर होता, पोटावर टाके. ताप नाही, दुखणं नाही. बसून चहा पीत होता.

"यमुताई, याची पट्टी उघडाल का?" मी विचारलं.

"कालच केली आहे, मुकुंदराव. टाके अगदी कोरडे आहेत. उद्याची पाळी आहे त्याची."

"मला इथं वास येतोय."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तुम्ही दिवसभर त्या प्लेटांवर वाकलेले असता. तुमच्या नाकातच बसलाय तो."

मलाही तसंच वाटलं. शुक्रवारी पट्टी उघडली तेव्हा मी तिथं होतो. आतला कापूस हिरवा होता. यमुताई उठल्या. घमेल्याकडे गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत उभ्या राहिल्या.

त्याच दुपारी वसंत गेला.

४

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर चारुशीला हरकरे. कमी बोलणाऱ्या, पुराव्याशिवाय मान न हलवणाऱ्या. मी सगळ्या प्लेटा त्यांच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक उचलून खिडकीशी धरली.

"कूलर," त्या शेवटी म्हणाल्या. "ओलावा तिथंच आहे. टाकीतलं पाणी, ओलं गवत, आणि तोच वारा सगळ्यांच्या अंगावर."

किती सोपं होतं! मला एकदम हलकं वाटलं. कूलर बंद केला. घरघर थांबली आणि वॉर्डातले बाकीचे आवाज उघडे पडले. कोण कण्हतंय, कोणाचे दात वाजतात, कुठली खाट करकरते. उकाड्यानं माणसं तळमळू लागली. नातेवाईक माझ्या अंगावर धावून आले. कूलर बंद करायला लावणारा हाच, हे त्यांना कळलं होतं.

मी टाकीतलं पाणी तपासलं. गवत तपासलं. नळ, मोरी, फरशीचं फडकं, सगळ्यांचे नमुने घेतले. किरकोळ जंतू निघाले. आमचा हिरवा कुठंच नव्हता.

कूलर बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी दहा नंबरचा नमुना आला. कडं नाही.

५

हरकरे मॅडमनी मुंबईला फोन लावून एका नव्या इंजेक्शनची सोय केली. औषध रेल्वेनं आलं. आधी त्याची टिकली मी प्लेटवर ठेवली, आणि सकाळी दार उघडलं तर कडं होतं! मोठं, स्वच्छ, रुपयाएवढं. मी प्लेट घेऊन जिन्यावरून धावतच गेलो.

इंजेक्शनं चौघांपुरतीच होती. शालिकरामचं नाव पहिलं लागलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्यानं भात मागितला. चंद्रकलेनं मला बघून हात जोडले.

"वास गेला जी," ती म्हणाली. "पुरा गेला."

खरंच गेला होता. मी घरी जाऊन किती दिवसांनी पोटभर जेवलो.

ती प्लेट मी टाकून दिली नव्हती. लोभानं पुन्हा उबेत ठेवली होती. ते कडं बघायला आवडायचं म्हणून. चौथ्या सकाळी काढली. कडं तसंच होतं, तेवढंच मोठं. पण आतल्या मोकळ्या जागेत, अगदी टिकलीला लागून, तीन ठिपके होते. मोहरीएवढे. हिरवे.

मी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. बाहेरून उडून पडले असतील, असं मनाशी म्हणालो, आणि ते खोटं आहे हे म्हणतानाच कळत होतं. बाहेरची साय कड्याच्या काठाशी थांबलेलीच होती. आत काहीतरी वाचलं होतं, गप्प राहिलं होतं, आणि औषधाशेजारीच वाढलं होतं.

वॉर्डात पोचलो तेव्हा चंद्रकला दारातच उभी होती.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "आला."

शालिकराम दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. नर्सनं डोक्यावरून चादर ओढली तेव्हा चंद्रकला रडली नाही. तिनं मला विचारलं, "भाजलेला तं बरा होऊन राहिला होता ना जी? मंग कशानं मेला माहा मानूस?"



६

वॉर्डाचा नकाशा मी कागदावर काढला. वीस चौकोन, एका ओळीत. ज्या खाटांवर हिरवा निघाला त्यांवर फुल्या मारल्या. पहिल्या तीन खाटांवर जखमा नसलेले रोगी होते. मग चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा.

सात का नाही?

सात नंबरला दादाजी म्हणून नरखेडकडचे म्हातारे बागाईतदार होते. बैलानं मांडी फाडलेली. सगळ्या वॉर्डात त्यांच्याएवढी मोठी जखम कोणाची नव्हती. सहाव्या आणि आठव्या खाटेच्या मध्ये ते महिनाभर पडून होते, आणि आता उठून बसले होते. मी त्यांना पट्टी उघडून दाखवायला सांगितलं. जखम लालबुंद होती, ताजी, भरत आलेली.

"दादाजी, तुमची पट्टी कोण करतं?"

"माही बुढी," त्यांनी बोट दाखवलं. त्यांची बायको तुळजाबाई व्हरांड्यात स्टोव्हवर पातेलं ठेवून बसली होती. "मी त्या सिस्टरबाईले हातच लावू देत नाही. मांगं तालुक्याच्या दवाखान्यात असंच पिवळं पानी लावलं होतं, तं अशी आग झाली बापा! तवापासून कानाले खडा. मिठाचं पानी उकयते, थंडं करते, धुते. झालं."

"आनि सिस्टरबाई लय चिडल्या," तुळजाबाई तिथूनच म्हणाली. "म्हणे, बुढे, तुह्या हट्टापायी नवरा मरन तुहा."

मी उभ्या उभ्या वळून पाहिलं. यमुताई दहा नंबरची पट्टी संपवून घमेल्याकडे चालल्या होत्या. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरांपर्यंत त्या पिवळ्या पाण्यात बुडवले.

७

घमेल्यातलं पाणी ड्रेसिंगच्या खोलीतल्या चिनी मातीच्या मोठ्या बरणीतून यायचं. बरणीला बुचाचं झाकण होतं. ते काळपट, ओलं, फुगलेलं होतं.

"ही बरणी शेवटची कधी धुतली?" मी तिथल्या रंभाबाईला विचारलं. ती वॉर्डातली आया.

ती हसली. "धुवाची कायले? खाली झाली तं धुईन ना. अर्धी झाली का सिस्टर वरून भरते. जंतू माराचं औषध हाय ते साहेब, त्याले का किडे पडते?"

मी त्यातलं थोडं पाणी नेलं. एका प्लेटवर ते पसरलं. शालिकरामच्या जंतूची दुसरी प्लेट लावली आणि तिच्यावर त्याच पिवळ्या औषधात भिजवलेली टिकली ठेवली. ज्या औषधानं सगळं मरतं, त्याची.

सकाळी मी एकट्यानं दार उघडलं नाही. हरकरे मॅडमना बोलावून घेतलं.

पहिल्या प्लेटवर, जिथं काहीही उगवायला नको होतं, तिथं हिरवी साय होती. दुसरीवर कडं नव्हतंच. उलट त्या टिकलीभोवती साय जास्त दाट होती, उंच होती. एक जाड हिरवं वळं टिकलीला बिलगून बसलं होतं, गुळाभोवती मुंगळे बसावेत तसं.

मॅडमनी प्लेट खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या. "हा ते खातोय, मुकुंद," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मला घाबरलेला वाटला.

मी वॉर्डात गेलो. यमुताईंचे हात घमेल्यात होते.

"यमुताई, हात बाहेर काढा."

"दोन मिनिटं. बारा नंबरची पट्टी राहिलीय."

"बाहेर काढा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की सगळा वॉर्ड वळला.

मी हलक्या आवाजात सांगितलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या कोपरांवरून पिवळं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तेवढाच आवाज मला आठवतो.

"पण मी धुतले होते," त्या म्हणाल्या. लहान मुलीसारखं. "प्रत्येकाच्या आधी धुतले होते, मुकुंदराव. कधीसुद्धा चुकले नाही."

८

बरणी फोडून पुरली, घमेलं उकळलं, वॉर्ड रिकामा करून धुरी दिली आणि भिंतींना चुना लावला. दादाजी घरी गेले. चंद्रभान वाचला, कशामुळे ते आम्हाला सांगता येईना. जूनच्या अखेरीस वॉर्ड पुन्हा उघडला आणि एकही हिरवा नमुना आला नाही.

यमुताईंवर कोणी ठपका ठेवला नाही. त्या रजा घेऊन उमरेडला भावाकडे गेल्या. भावानंच मला नंतर सांगितलं, ताई तिथं चमच्यानं जेवायची, घरातल्या लेकराला उचलायची नाही. भावाच्या नातवानं हात पुढे केला की पाठीमागे हात बांधून उभी राहायची.

महिन्यानं त्या प्रयोगशाळेच्या दारात आल्या. निम्म्यानं वाळलेल्या होत्या.

"माझे हात तपासा," त्या म्हणाल्या. "आणि खरं ते सांगा. मग मी ठरवीन नोकरीचं."

मी दोन मोठ्या प्लेटा केल्या. एकीवर त्यांनी उजवा पंजा दाबला. दुसरीवर, तुलनेसाठी निर्दोष हात हवा म्हणून, मी माझा दाबला. बोटं पूर्ण फाकवून. दोन्हींवर नावं मीच लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची प्लेट आधी उघडली. चारदोन पांढरे ठिपके, कोणाच्याही कातडीवर असतात तसे. बाकी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की दुसरी मी जवळजवळ न बघताच बाजूला ठेवणार होतो.

तिच्यावर एक हिरवा पंजा होता. भरीव, ओला, सगळ्या रेषांसकट. मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. अनामिकेच्या मुळाशी अंगठीएवढी मोकळी फट होती, आणि यमुताई अंगठी घालत नाहीत. अंगठी माझी होती. माझ्या हातावर ओरखडाही नव्हता. रोज साबणानं धुतलेले हात. अकरा नंबरच्या प्रत्येक खाटेची दांडी धरून वाकलेले हात.

मी प्लेट उजेडात धरली. मी बोटं फाकवून दाबली होती, याची मला खात्री आहे. प्लेटवरच्या पंज्याची बोटं तशी नव्हती. त्यांची टोकं आत वळली होती, तळव्याकडे, काहीतरी धरायला मिटत आल्यासारखी. झाकणाला पाणी सुटलं असेल, मी म्हटलं. साय ओघळली असेल. प्लेट सपाट होती आणि झाकण कोरडं होतं.

"मुकुंदराव?"

यमुताई दारात उभ्या होत्या. मी प्लेट पालथी घातली.

"काय निघालं? सांगा हो पटकन."

"तुमची स्वच्छ आहे," मी म्हणालो. "तुमच्या हातांवर काहीही नाही."

 त्या रडतच पुढे आल्या, आणि मी मागे सरायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, आणि डोळ्यांना लावले.